अल्झायमर : रोगाचे प्रमाण, समाजावरील भार आणि आपले कर्तव्य

वृद्ध व्यक्ती विसरू लागली की ‘साठी बुद्धी नाठी’ किंवा ‘म्हातारचळ’ असे म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. परिणामी रुग्ण चिकित्सकाकडे येतो तेव्हा रोग बराच बळावलेला असतो. प्रस्तुत लेखात या रोगाचे प्रमाण, त्याची सामाजिक किंमत आणि त्या अनुषंगाने वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य यांचा विचार केला आहे.

‘डिमेन्शिया’ हे एका लक्षणसमुच्चयाचे नाव असून त्याच्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर कारणीभूत असतो. जर्मन चिकित्सक अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकृतीचे प्रथम वर्णन केले. यात मेंदूतील पेशींच्या बाहेर अमायलॉइड व पेशींच्या आत टाऊ ही प्रथिने साचतात आणि पेशींचा क्रमाने नाश होतो. चरकसंहितेतील ‘स्मृतिभ्रंश’ हा प्रज्ञापराधाच्या विवेचनातील शब्द असल्याने या रोगाशी त्याची सरसकट बरोबरी करणे युक्त नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख व्यक्तींना डिमेन्शिया होता. त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. भारतातील राष्ट्रीय स्तरावरील पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठ वर्षांवरील लोकसंख्येत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक आढळले. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे.

आता किमतीविषयी. २०१९ मध्ये डिमेन्शियाचा जागतिक खर्च १ लाख ३० हजार कोटी अमेरिकन डॉलर इतका होता. यातील सुमारे निम्मा वाटा औषधे वा रुग्णालये यांचा नसून कुटुंबीयांच्या विनामूल्य शुश्रूषेचा आहे. हे शुश्रूषक दिवसाला सरासरी पाच तास देतात आणि त्या तासांपैकी ७० टक्के स्त्रियांचे असतात. ज्या घरात सून वा मुलगी नोकरी सोडते, शेतीचे काम थांबते, रात्रीची झोप मोडते, त्या घराचे नुकसान कोणत्याही बिलात उमटत नाही. म्हणूनच रुग्णाबरोबर शुश्रूषकाची निद्रा, आहार व मनःस्थिती यांची विचारपूस करणे हा चिकित्सेचाच भाग मानावा.

निदानाच्या बाबतीत घाई नको. जीवनसत्त्व बी-१२ ची न्यूनता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, तसेच पडल्यानंतर मेंदूवरील आवरणाखाली झालेला रक्तस्राव यांमुळेही स्मृती मंदावते, आणि ही कारणे उपचारसाध्य आहेत. म्हणून तपासण्यांपूर्वीच मेध्य रसायन सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहणे रुग्णास महागात पडू शकते. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आपल्या परंपरेचे धन होत; तथापि त्यांनी अल्झायमर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. तसे आश्वासन देऊन त्रस्त कुटुंबाच्या खर्चात भर घालू नये.

औषधविक्रेत्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या रोगात मेंदूतील असिटिलकोलीन हे द्रव्य कमी झालेले असते. डोनेपेझिलसारखी औषधे ते टिकविण्यासाठी दिली जातात. धत्तूरयुक्त कनकासव किंवा सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन याच द्रव्याच्या कार्यास अवरोध करतात. अशा रुग्णाच्या खोकल्यासाठी नेहमीचे औषध दिले, तर त्याचा संभ्रम एकाएकी वाढू शकतो. यास्तव वृद्धांना ही औषधे देण्यापूर्वी स्मृतिविषयक तक्रार व चालू औषधे विचारावीत.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगाने १४ जोखीमकारक घटक सांगितले असून ते दूर झाल्यास जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू वा लांबू शकतो, असे म्हटले आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकाकीपणा हे त्यांपैकी काही होत. हे रुग्ण चाळिशी-पन्नाशीतच आपल्याकडे नित्य येत असतात. स्वस्थवृत्ताचा उपदेश तेव्हाच नेटाने केला, तर पुढील पिढीवरील भार हलका करण्यात आपल्या व्यवसायाचाही वाटा राहील.