सिकलसेल : वेदनेआधीचे काही सेकंद

मार्चमधली गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा आमच्या ग्रामीण रुग्णालयात आला. वय नऊ-दहा. मांड्या आणि पाठ इतकी दुखत होती की हात लावू देत नव्हता. पडला नव्हता, सूज नव्हती, ताप बेताचाच. आईवडील मूळचे नंदुरबार जिल्ह्यातले. माणमध्ये ऊन तापायला लागले होते आणि फडावर दिवसभर पाण्याचा एकच कॅन.

"रात्री पाणी प्यायला होता का?" मी विचारले.

"नाही साहेब. अंथरूण ओलं करतो. दिवस मावळला की मी पाणी बंद करते त्याचं."

हे ऐकून मला माझीच जुनी चूक आठवली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असताना अंथरूण ओले करणाऱ्या एका मुलाच्या आईला मीच हा सल्ला दिला होता, संध्याकाळनंतर पाणी देऊ नका. त्या मुलाला सिकलसेल होता, हे मला पुढे कळले. मधल्या काळात तो दोनदा वेदनांनी तळमळत दवाखान्यात दाखल झाला होता.

सिकलसेल म्हटले की सातारा-सांगलीकडे आपण तो "तिकडचा" आजार समजतो. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत तो जास्त आहे हे खरे. पण माणसे कामासाठी फिरतात आणि आजार त्यांच्याबरोबर येतो. त्या पहाटे आमच्याकडे तपासणीचा संच होता म्हणून बरे. परीक्षानळीत एक द्रावण असते. त्यात रक्ताचे थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. या मुलाच्या नळीतून एकही रेघ दिसेना, द्रावण गढूळ झाले होते.

हा गढूळपणा म्हणजेच हा आजार. लाल पेशी ही हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवी असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू. सिकलसेलमध्ये या रेणूच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाऐवजी तिथे व्हॅलिन येते, आणि व्हॅलिनला पाण्याचे वावडे. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा चिकटतो, मग चौथा. असे चौदा पदर एकमेकांवर पीळ घेऊन दोरासारखा ताठ धागा तयार होतो. असे धागे पेशीत वाढले की तिचा विळा होतो, ती बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. परीक्षानळीतले रसायन ऑक्सिजन काढून घेऊन हेच आपल्या डोळ्यांसमोर घडवते.

एकासारखे एक दुवे जोडून झालेल्या लांब साखळीला पॉलिमर म्हणतात. प्लास्टिक, रबर, लोकर हे सगळे पॉलिमर. पण प्लास्टिकमधले दुवे घट्ट असतात. इथले सैल, सतत जुळणारे आणि तुटणारे. अशा ठिकाणी एकेका रेणूचे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. कोट्यवधींच्या गर्दीचे काय होईल हे मात्र मोजता येते. भौतिकशास्त्राच्या या शाखेला सांख्यिकी भौतिकी म्हणतात. आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात ती कोणी शिकवली नाही. शिकवली असती तर माझा तो सल्ला कदाचित टळला असता.

दोन-चार रेणू चिकटले तरी आजूबाजूचे रेणू धक्के देऊन त्यांना लगेच सोडवतात. धागा टिकायला पुरेसे रेणू एकाच वेळी एका जागी यावे लागतात. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी गर्दीत तुमचा एक मित्र अचानक भेटणे अवघड नाही. पण वर्गातले सगळे दहा मित्र ठरवल्याशिवाय एकाच कोपऱ्यावर भेटायचे तर गर्दी फारच दाट हवी. गर्दी थोडी विरळ झाली तर एकाला भेटण्याची शक्यता थोडीच घटते, दहांना एकत्र भेटण्याची मात्र जवळजवळ संपते.

पहिला धागा टिकला की चित्र पालटते. खडीसाखरेच्या पाकात सोडलेल्या दोऱ्यावर जसे खडे धरतात, तसे त्या धाग्याच्या अंगावर नवे धागे फुटतात, त्यांच्यावर आणखी. म्हणून आधी काही वेळ काहीच घडत नाही आणि मग सगळे एकदम घडते. या आधीच्या शांततेला विलंबकाळ म्हणतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्ये तो मोजला, तेव्हा हिमोग्लोबिनच्या दाटपणाशी त्याचे नाते सुमारे तिसाव्या घाताचे निघाले. म्हणजे दाटपणा दुप्पट-तिप्पट व्हायची गरजच नाही. तो फक्त ५ टक्क्यांनी वाढला तर विलंबकाळ एक चतुर्थांशापेक्षाही कमी होतो. १० टक्क्यांनी वाढला तर जवळपास सतरावा हिस्सा उरतो.

हे काही सेकंद इतके महत्त्वाचे का? लाल पेशी अगदी बारीक वाहिनीतून साधारण एक-दोन सेकंदांत पार होते आणि पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत फुप्फुसात पोचते. तिथे ऑक्सिजन मिळाला की जुळू पाहणारे रेणू सुटे होतात. विलंबकाळ या फेरीपेक्षा लांब असेल तर पेशी सहीसलामत निसटते. सिकलसेलच्या रुग्णाच्याही बहुतेक पेशी बहुतेक वेळा अशाच निसटतात. शरीर सुकले, पेशीतले पाणी कमी झाले, की हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी ही शर्यत हरते.

आता अंथरुणाकडे येऊ. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त, त्यामुळे तिथे पेशी लवकर विळ्यासारख्या होतात. लहानपणीच मूत्रपिंडाला इजा होते आणि लघवी दाट करून पाणी वाचवायची त्याची ताकद जाते. मूल पाणी प्यायले नाही तरी लघवी होतच राहते. अंथरूण ओले होते ते या आजारामुळे. त्यावर पाणी बंद करणे म्हणजे पहाटेपर्यंत पेशी दाट करून ठेवणे.

थोडे अवांतर. तूप थंडीत थिजते; हे धागे उलटे वागतात, गार केले की विरघळतात. म्हणून कोणी रुग्णाला बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, पेशीला पार व्हायला वेळ लागतो आणि दुखणे वाढते.

नुसत्या पाण्याने हा आजार बरा होत नाही, हेही सांगायला हवे. दवाखान्यात सलाईनचा मारा केला तर फुप्फुसात पाणी होऊ शकते. "दोन बाटल्या लावा" हा आग्रह इथे घातक ठरतो. खरा आधार हायड्रॉक्सियुरियाचा. या गोळ्यांनी गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. ते या धाग्यात बसत नाही. गर्दीत न चिकटणारे जास्त झाले की विलंबकाळ लांबतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्याचे कारणही हेच. त्याच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधे असते. मात्र नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी तपासणी करावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून. नळीतली चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, त्यासाठी नमुना पुढे पाठवावा लागतो. आम्हीही पाठवला.

मुलगा तिसऱ्या दिवशी चालायला लागला. जाताना आईने विचारले, "मग अंथरुणाचं काय करू?"

"खाली प्लास्टिक घाला, ताई. रात्री एकदा उठवा. पाणी मात्र बंद करू नका, आणि त्यावरून त्याला मारू नका."

ती गप्प झाली. मारत असावी.

अहवाल आठवड्याने आला, आजाराचाच. तोवर पट्टा पडून टोळी गावाकडे निघून गेली होती. मुकादमाच्या फोनवरून गावाचे नाव काढले, तिथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना अहवाल पाठवला आणि गोळ्या सुरू करायला सांगितले. मुलगा शाळेत मधल्या सुट्टीआधी लघवीला जाऊ मागेल, त्याला जाऊ द्या, हेही शिक्षकांना सांगा म्हटले. त्यांनी लिहून घेतले.