घरातील इंटरनेट मंद का चालते? डी.एस.एल. व केबल यांतील निवड

शेतीच्या कामकाजात इंटरनेटची गरज अलीकडे फार वाढली आहे. सातबाराचा उतारा, महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, पीकविम्याचा भरणा, बाजार समित्यांतील भाव, तसेच परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला, ह्या सर्व गोष्टी आता घरबसल्या मिळू शकतात. मात्र त्याकरिता घरातील जोडणी वेळेवर उपयोगी पडली पाहिजे. खरीप पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैअखेर संपते. त्या दिवसांत अर्ज अर्धा भरून झाला असताना जोडणी तुटली, तर शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. मुदत टळल्यास साऱ्या हंगामाचे संरक्षण हातचे जाते.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांतून व लगतच्या गावांतून शेती करणारी अनेक कुटुंबे राहतात. जोडणी मंद झाली की यांपैकी बरेच जण एक तर अधिक दराची योजना घेतात, किंवा दूरध्वनीच्या तारेवरील जोडणी सोडून केबलवाल्याची घेतात. काहींचा प्रवास याच्या उलट होतो. पुष्कळदा खर्च वाढूनही वेग तसाच राहतो. याचे कारण असे की, वेग नेमका कोठे गळतो याचा शोध घेतलेला नसतो. विहिरीला पाणी असूनही वाफ्यात पोहोचत नसेल, तर आपण नवी विहीर खोदीत नाही. प्रथम पाट तपासतो. इंटरनेटच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

दोन पद्धतींतील मूळ फरक

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. कालव्याच्या पाण्याविषयी शेतकऱ्यांच्या दोन तक्रारी असतात. पहिली अशी की, शेवटच्या टोकापर्यंत येताना पाणी वाटेत झिरपून जाते. दुसरी अशी की, एकाच चारीवरील सर्वांनी एकाच वेळी दारे उघडली म्हणजे कोणालाच पुरेसे पाणी मिळत नाही. पहिला तोटा अंतराचा व दुसरा वाटणीचा होय. डी.एस.एल. जोडणीचा मुख्य दोष पहिल्या प्रकारचा आहे, तर केबल जोडणीचा दुसऱ्या प्रकारचा. एवढी गोष्ट ध्यानात राहिली तरी निवडीचे निम्मे काम झाले असे समजावे.

डी.एस.एल. जोडणी

डी.एस.एल. म्हणजे दूरध्वनीच्या तांब्याच्या जोडतारेवरून मिळणारे इंटरनेट. भारत संचार निगमने अशी ब्रॉडबँड सेवा २००५ साली सुरू केली. माणसाच्या बोलण्याला तारेवर सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच जागा लागते. त्यावरील सुमारे २५ किलोहर्ट्झपासून २.२ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा इंटरनेटकरिता वापरली जाते. म्हणून एकाच तारेवर बोलणे व इंटरनेट ही दोन्ही कामे चालतात. दोहोंना वेगळे करण्यासाठी घरात स्प्लिटर नावाची लहान डबी बसवितात.

एक्सचेंजपासून आपल्या घरापर्यंतची जोडतार ही केवळ आपली असते. शेजाऱ्याने कितीही वापर केला तरी ह्या तारेतील आपला हिस्सा त्याला जात नाही. परंतु तांब्याच्या तारेत उंच वारंवारतेच्या लहरी लवकर क्षीण होतात, आणि तार जितकी लांब तितकी ही क्षीणता अधिक. ए.डी.एस.एल.-२-प्लस ह्या प्रकारात तार उत्तम असल्यास साधारणपणे पुढीलप्रमाणे वेग मिळतो :

१ किलोमीटर अंतरावर : दर सेकंदास २० मेगाबिटांहून अधिक
३ किलोमीटर अंतरावर : सुमारे ८ मेगाबिट
५ किलोमीटर अंतरावर : १ ते २ मेगाबिट

हे अंतर तारेच्या वाटेने मोजावयाचे असते. एक्सचेंज नजरेसमोर दिसत असले तरी तार गावाला वळसा घालून आली असेल, तर तोटा वळशाचा धरावा लागतो. तसेच जुने जोड, गंजलेली टोके व पावसात ओल धरणारी डबी यांमुळेही वेग घटतो. दूरध्वनीवर बोलताना खरखर ऐकू येत असेल, तर जोडात ओल किंवा गंज असल्याचे ते ठळक लक्षण होय. अशा वेळी योजना बदलण्यापेक्षा जोड दुरुस्त करून घेणे अधिक फायद्याचे असते.

डी.एस.एल.चा आणखी एक दोष शेतकऱ्याने लक्षात घ्यावा. ए.डी.एस.एल. जोडणीत माहिती घरी येण्याचा वेग अधिक व घरातून बाहेर पाठविण्याचा वेग फारच कमी, बहुधा १ मेगाबिटाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मोसंबीच्या रोगट पानाचे छायाचित्र कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावयाचे आहे व त्याचा आकार ४ मेगाबाइट आहे असे समजू. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून हे छायाचित्र ३२ मेगाबिटांचे झाले. बाहेर जाण्याचा वेग अर्धा मेगाबिट असल्यास त्याला ६४ सेकंद लागतील. अशी १० छायाचित्रे व कागदपत्रे पाठवावयाची तर १० मिनिटांहून अधिक वेळ जाईल. हाच वेग ५ मेगाबिट असल्यास एका छायाचित्रास ६ ते ७ सेकंद पुरतात.

केबल जोडणी

दूरदर्शन संचासाठी जी जाड गोल केबल येते, तिच्यातूनही इंटरनेट देता येते. ह्या केबलची क्षमता दूरध्वनीच्या तारेपेक्षा पुष्कळ अधिक असते व वाटेत ॲम्प्लिफायर बसविलेले असल्याने अंतराचा त्रास कमी जाणवतो. मात्र एकाच केबलवर संपूर्ण गल्ली किंवा वसाहत जोडलेली असते. ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीतून सुमारे ५० मेगाबिट जातात. समजा, केबलवाल्याने अशा ४ वाहिन्या दिल्या आहेत. म्हणजे एकूण २०० मेगाबिट झाले. सकाळी ४ घरे वापर करीत असतील तर प्रत्येकास त्याच्या योजनेचा पूर्ण वेग मिळेल. रात्री ९ वाजता ४० घरांत एकदम चित्रपट सुरू झाले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी ५ मेगाबिटच येतील. यात तार बिघडलेली नसते. वाटेकरी वाढलेले असतात.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाले गोल केबलऐवजी संगणकाच्या जाळ्याची साधी तार घरापर्यंत आणतात. ह्या तारेचा एक पल्ला १०० मीटरपेक्षा लांब असू नये. म्हणून वाटेतील गच्च्यांवर व खांबांवर स्विच नावाच्या पेट्या बसवितात. ह्या पेट्यांना वीज लागते. वाटेतील एका घराची वीज गेली आणि तेथे बॅटरी नसली, तर आपल्या घरात वीज असूनही जोडणी बंद पडते. भारनियमन असलेल्या भागात केबल जोडणी घेण्यापूर्वी ही गोष्ट अवश्य विचारावी.

तीन दिवसांची तपासणी

कोणतीही जोडणी सोडण्यापूर्वी अगर नवी घेण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. त्यास खर्च काही नाही. फक्त एक वही लागते.

१. राउटरला संगणक तारेने जोडावा. त्या वेळी घरातील इतर फोन व संच वाय-फायवरून काढून टाकावेत.

२. सकाळी ६, दुपारी १ व रात्री ९ वाजता वेग मोजून येणारा व जाणारा असे दोन्ही आकडे लिहावेत. असे सलग ३ दिवस करावे.

३. प्रत्येक वेळी तारेवर मोजून झाल्यानंतर, नेहमी बसण्याच्या जागी वाय-फायवरही एकदा मोजावे.

४. पाऊस पडला किंवा वीज गेली असल्यास तशी नोंद करावी.

नोंदींवरून निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढावा :

तारेवर वेग चांगला व वाय-फायवर कमी : दोष घरात आहे. जोडणी बदलू नये.

तिन्ही वेळी सारखाच कमी : आकडा योजनेइतकाच असल्यास योजना लहान आहे. योजनेपेक्षा कमी असल्यास तारेचा किंवा अंतराचा दोष समजावा.

सकाळी चांगला व रात्री कमी : दोष बहुधा वाटणीचा आहे. अधिक दराची योजना घेतली तरी त्या वेळी फारसा फरक पडणार नाही.

पाऊस पडला की तुटणारी जोडणी : जोडात किंवा डबीत ओल आहे.

इतर सर्व ठीक, एकच संकेतस्थळ मंद : दोष त्या संकेतस्थळावरील गर्दीचा आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत हे वारंवार घडते. त्यावर उपाय एकच, अर्ज आठ दिवस आधी भरणे. आणि गर्दी असल्यास पहाटे प्रयत्न करणे.

घरातील दोष

आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या व बऱ्याच रुंद असतात. अशा दोन भिंती ओलांडताना वाय-फायची लहर फार क्षीण होते. राउटर कपाटात, लोखंडी पेटीमागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीइतक्या जागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून अधिक दूर जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, परंतु तिचा पल्ला कमी. म्हणून राउटर असलेल्या खोलीत दुसरी व लांबच्या खोलीत पहिली वापरावी. डी.एस.एल. असल्यास मोडेम घरातील पहिल्या सॉकेटवर लावून पाहावा. घरभर फिरविलेल्या जादा तारा काढून टाकताच वेग सुधारल्याचे पुष्कळदा दिसून येते. वळवाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्यास मोडेमची वीज व तार दोन्ही काढून ठेवावीत. धातूच्या तारेवाटे आलेला झटका यंत्र जाळून टाकतो.

मग निवड कोणती करावी?

एक्सचेंजपासून तार २ किलोमीटरच्या आत असेल, जोड चांगले असतील व घरात चार-पाच माणसांचा साधा वापर असेल, तर डी.एस.एल. पुरेशी होते आणि तिचा वेग रात्रीही सहसा एकसारखा राहतो. तार ३ किलोमीटरहून लांब असल्यास डी.एस.एल.च्या मागे लागू नये. मोठी योजना घेऊन तारेची लांबी कमी होत नाही. अशा ठिकाणी केबल चांगली. मात्र ठरविण्यापूर्वी त्याच केबलवरील दोन-तीन शेजाऱ्यांच्या घरी रात्री ९ वाजता जाऊन वेग प्रत्यक्ष मोजावा. जाहिरातीतील आकड्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द असतो, तो नीट वाचावा. ठरावीक वापरानंतर वेग किती कमी करतात, हेही लेखी विचारून घ्यावे.

घरापर्यंत फायबर मिळत असेल तर वरील दोहोंपेक्षा तेच घ्यावे. काचेच्या तंतूतून प्रकाशाने माहिती जात असल्यामुळे २० किलोमीटरपर्यंत अंतराचा तोटा नगण्य असतो. वाटणी येथेही असते. सर्वसाधारण पद्धतीत सुमारे २,५०० मेगाबिटांचा एक तंतू ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. तरीही प्रत्येकाच्या वाट्यास पुष्कळ उरते. अनेक ठिकाणी तांब्याच्या जुन्या जोडण्यांच्या जागी फायबर देण्यात येत आहे. आपल्या एक्सचेंजमध्ये त्याची चौकशी करावी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली. हीच योजना पुढे भारतनेट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या गावी तंतू आला आहे काय व त्यावरून घरगुती जोडणी मिळते काय, याची माहिती ग्रामपंचायत कार्यालयात घ्यावी.

गावापासून दूर शेतवस्तीवर राहणाऱ्यांना यांपैकी एकही तार मिळणे कठीण असते. त्यांनी मोबाइलच्या जाळ्यावर चालणारा राउटर मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवून पाहावा. ज्या कंपनीची लहर वस्तीवर सर्वांत चांगली येते, तिचेच कार्ड त्यासाठी घ्यावे.

नवी जोडणी महिनाभर वापरून पाहिल्याखेरीज जुनी बंद करू नये. हा बदल जून-जुलैच्या अर्जांच्या घाईत न करता उन्हाळ्यात करावा.

तक्रार कशी करावी?

‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगितल्याने दुरुस्ती होत नाही. वहीतील तारखा, वेळा व आकडे सांगून तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक मागून घ्यावा. दाद न मिळाल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ब्रॉडबँड म्हणविण्यासाठी २००४ साली दर सेकंदास २५६ किलोबिट वेग पुरेसा मानला जाई. २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली आहे. आपली जोडणी याच्याही खाली जात असेल, तर ते तक्रारीत स्पष्ट लिहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या कार्यालयातील जोडणीची अशी तीन दिवसांची नोंद करावी व ती फलकावर लावावी. गावात कोणत्या गल्लीत कोणती जोडणी कोणत्या वेळी कशी चालते, याचा एक तक्ता तयार झाला, तर नवी जोडणी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबास त्याचा उपयोग होईल व पीकविम्याच्या दिवसांत कोणाच्या घरी अर्ज भरावयास जावे हेही आधीच ठरविता येईल.