पंचवीस की बावन्न?

पहिली-दुसरीतील मुलास 'पंचवीस' लिहावयास सांगितले की ते पुष्कळदा ५२ लिहून मोकळे होते. ते पाहून घरची मंडळी संतापतात. कोणी कान धरतो, तर कोणी 'ह्याच्या डोक्यात गणित शिरावयाचेच नाही' असे मुलादेखत बोलून जातो. मुलाचा त्या बोलण्यावर विश्वास बसतो, व ते मॅट्रिकपर्यंत गणिताच्या नावाने कापत राहते. वास्तविक दोष मुलाचा फारसा नसतो. 'पंचवीस' ह्या शब्दात पाच अगोदर ऐकू येतात व वीस मागाहून. मूल ऐकल्या क्रमाने प्रामाणिकपणे लिहिते, इतकेच.

मराठी संख्यानामांत असे खाचखळगे पुष्कळ आहेत. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. नाव तिसाचे, लिहावयाचे मात्र दोनावर नऊ. एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत हा नियम चालतो, आणि तो मुलाच्या अंगवळणी पडतो न पडतो तोच नव्व्याण्णव येऊन तो मोडतो. 'एकोणशंभर' कोणीच म्हणत नाही! आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस, सिरोंचाकडे, तेलुगू बोलणारे लोक पंचविसास 'इरवै ऐदु', म्हणजे वीस पाच, असे म्हणतात. तेथे बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एकच. जर्मन मुलांची गत मात्र आपल्यासारखीच आहे.

इ. स. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा मोठा गहजब झाला. जणू भाषाच बुडाली! जुनी नावे कोणी काढून टाकली नव्हती. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ह्यांचे म्हणणे असे होते की, जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांस जड जातात व गणिताची भीती तेथूनच बसते. 'सत्तावीस' हा शब्द टिकावा असे आम्हांसही वाटते. पण त्याकडे जाताना 'वीस सात' ही एक पायरी लागली तर बिघडले कोठे?

पालकांनी घरी करावयाचे ते फार सोपे आहे. बांबूच्या बारीक काड्या घ्याव्या व मुलाकडूनच दहा-दहा मोजवून दोऱ्याने जुड्या बांधवाव्या. मग दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे मांडून मुलाने म्हणावे, 'वीस आणि पाच, पंचवीस'. आणि मांडले तसेच पाटीवर लिहावे. ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्यांनी प्रथम गोंडीतच मोजू द्यावे. भाषा बदलल्याने काड्या कमी-अधिक होत नाहीत. पुढे पंचविसातून सात वजा करावयाचे आले की, सुट्या पाच काड्या पुरत नाहीत असे मुलास आपोआप दिसते व ते एक जुडी सोडते. 'हातचा' म्हणतात तो हाच. तो एकदा असा हाताने सोडला म्हणजे पुढे घोकावा लागत नाही.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की आपल्या भागातील कित्येक अंगणांत हीच शाळा भरते. सत्तर पानांचा एक पुडा. आई पुडे बांधीत असता मुलास जवळ बसवून दहा-दहा पाने वेगळी करावयास सांगावी; असे सात ढीग झाले की पुडा पुरा झाला. हजार पुड्यांच्या गोणीत पाने किती, हे थोरल्या भावंडास विचारावे. पावसाळ्यात अष्टा-चंग मांडावा. चार कवड्या उताण्या पडल्या तर चार, साऱ्या पालथ्या पडल्या तर आठ. मूल न मोजता, नुसत्या नजरेने, दान ओळखू लागते.

आजोबांची तक्रार असते की, हल्लीच्या मुलांस पावकी-निमकी येत नाही. १९५७ सालच्या एप्रिलपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा बाजारात तिचे काम रोज पडे. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर तिची गरज ओसरली. दोन ते दहाचे पाढे मात्र यावेतच, पण जुड्या हाताळून झाल्यावर.

आणि मुलाने पाटीवर पुन्हा ५२ लिहिले तर ते पुसू नये. 'आता इतक्या काड्या मांड बरे,' एवढेच म्हणावे. पाच जुड्या मांडताना ते मध्येच थांबते, पंचविसाच्या ढिगाकडे पाहते, आणि पाटी पुसावयास स्वतःच फडके शोधू लागते.