घासभर तरी खाऊन जावा

पहाटेचे साडेचार वाजलेत. परड्यात तीन चुली पेटल्यात आणि तिन्हींपुढं बायका मांडी घालून बसल्यात. मधल्या चुलीवर मावशी. पुढ्यात काठवट, काठवटीत शाळूचं पीठ, शेजारी आधणाचं पातेलं. ती बोलत नाही. थापते, तव्यावर टाकते, पाणी फिरवते, उलटते, निखाऱ्याला उभी करते, तोवर पुढचा गोळा हातात आलेला असतो. भाकरी टम्म फुगते, तिच्याकडं बघायलाही तिला सवड नाही. पाटीत जुन्या धोतराचं फडकं अंथरलंय, त्यावर थप्पी चढत चाललीय.

"किती करायच्या?" मी विचारते.

"पीठ संपंपतोर," पलीकडच्या चुलीवरून धाकटी काकू म्हणते आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडं हनुवटी करते. पोतं निम्मंसुद्धा रिकामं झालेलं नाही.

मायणीहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत हे गाव आहे. सातारा जिल्हा इथं संपत येतो. पलीकडं सांगली जिल्हा, आणि सोयरिकी दोन्हीकडं सारख्याच. चैत्रातली जत्रा. काल गोडाचा दिवस झाला. पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री पालखी, गुलाल-खोबरं, नाथबाबाच्या नावानं चांगभलं. त्याबद्दल या घरात कुणाचीच तक्रार नाही. पालखी दारात आली तेव्हा मावशी घागर घेऊन अनवाणी उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. आजचा दिवस खाऱ्याचा. गावच्या देवाला नैवेद्य गोडाचाच लागतो. बकरी पडतात ती पाहुण्यांसाठी.

खाऱ्याचा दिवस मावशीला आवडत नाही. हे ती चारचौघांत बोलणार नाही. जत्रा आवडत नाही म्हणणं म्हणजे देवाला नावं ठेवल्यासारखं होतं, आणि सासरच्या पाहुण्यांनाही. पण चुलीपुढं पुरुषमाणूस नाही, धुरानं सगळ्यांचेच डोळे वाहतायत, अशा वेळी बोलणं निघतं.

"माझं तर पाडवा झाला की पोटात गोळा येतो," धाकटी काकू म्हणते. "घर सारवा, भांडी काढा, चटणी कांडून आणा, गोधड्या धुवा. आन् मग ह्यो दिवस."

"मनगटं ऱ्हात न्हाईत बघ," मावशी पहिल्यांदा तोंड उघडते. हात पुढं करून दाखवते. तळव्याची कड लाल झालीय, अंगठ्याखाली तव्याचा ताजा चटका. त्यावर ती कोरडं पीठ दाबते आणि पुढचा गोळा उचलते.

उजाडता उजाडता खाटीक येऊन गेलाय. पंधरा हजारांचं बोकड सात वाजेपर्यंत पातेल्यात गेलंय. मटण शिजवणं हे मात्र पुरुषांचं काम, म्हणजे पळी हलवणं त्यांचं. कांदे चिरणं, खोबरं भाजणं, वाटण काढणं, रक्ती नि वजडी धुऊन देणं हे त्याआधीच बायकांनी उरकलेलं असतं. मग काका दंडाला टॉवेल गुंडाळून मोठी पळी फिरवतात, रश्श्याची तर्री वर आली की चार माणसांना बोलावून दाखवतात, आणि दिवसभर "काय मटण केलंय" याचं कौतुक त्यांच्या वाट्याला येतं. माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी आणि आमटी वेगळ्या चुलीवर. ती कुणी केली हे कुणी विचारत नाही.

दहाच्या सुमारास देवळावरच्या भोंग्यातून वर्गणीची नावं सुरू होतात. अमुक गलाई व्यावसायिक, कोईमतूर, एकवीस हजार. तमुक माथाडी, कोपरखैरणे, पाच हजार. या नावांत गावचा अर्धा इतिहास आहे. पाऊस नाही, पाटाचं पाणी नाही, म्हणून खानापूर, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पार केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पांगली. बाकीची मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती घ्यायला गेली. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यांच्या घामाला मोल आलं. ही सगळी पाखरं चैत्रात परत येतात. गावात बाकी वर्षभर म्हातारी, बायका आणि कुलपं.

धाकटे काका कोईमतूरला असतात. परवा आलेत, पांढरं फेक शर्ट-पँट, कपाळाला गुलाल, आणि अंगात उत्साह मावत नाही. त्यांना जत्रा मनापासून आवडते. आवडणारच. अकरा महिने भट्टीपुढं, ॲसिडच्या वासात काढायचे आणि इथं आल्यावर हाक मारणारी शंभर माणसं भेटायची. ते दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून आत ओढतात. आत ओढलेल्या प्रत्येक माणसामागं परड्यात दोन भाकऱ्या लागतात, हा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोचवणार कोण? त्यांची बायकोच चुलीवर आहे आणि नवरा बारा महिन्यांनी आलाय.

बारा वाजता ऊन तापतं आणि पाहुणे सुरू होतात. मोटारसायकली, वडाप, विट्याकडून भरून आलेल्या जीप. ओसरीवर पंगत, अंगणात मांडवाखाली दुसरी. चाकणच्या कारखान्यात काम करणारा मावसभाऊ अक्षय वाढप्याच्या कामाला लागलाय. बनियनला घामाचा पट्टा, एका हातात रश्श्याची बादली, खांद्यावर पाण्याचा जग. वर्षाच्या रजेतले तीन दिवस त्यानं यासाठी दिलेत. बायकोला घेऊन दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ म्हणाला होता, तर काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "मग पाहुण्यांना कोण बघायचं?"

तासगावकडचे दोघं येतात. काकांच्या चुलत मेव्हण्याचे साडू की काय ते. नातं सांगायलाच मिनिट जातं. इस्त्रीचे कपडे, टोपीवर गुलाल. हे त्यांचं चौथं घर.

"बसा बसा, ताट घ्या."

"न्हाई वो, आत्ताच सरपंचांच्यात बसलोय. पोट फुटायला आलंय."

"सरपंचांच्यात बसला आन् आमच्यात न्हाई? आमचं मटण कडू हाय व्हय?"

"तसं कुठं म्हंतोय..."

"मग घासभर तरी खाऊन जावा."

ते बसतात. आता ताट घासभराचं वाढता येत नाही. घासभर वाढलं तर "हात आखडला" अशी बोलणी. अक्षय दोन भाकऱ्या, सुक्याची मोठी पळी, रश्श्याची वाटी, कांदा, लिंबू, वर भात असं भरून ठेवतो. मोठा पाहुणा भाकरीचा तुकडा मोडतो, रश्श्यात बुडवतो, दोन घास घेतो, फोड चिवडतो. धाकटा वाटीतला रस्सा पितो नि मान हलवतो, "झकास." पाच मिनिटांत दोघं हात धुऊन काकांच्या हाताला हात लावून वाटेला लागलेले. पुढं अजून तीन घरं आहेत, आणि संध्याकाळी शेजारच्या गावचीही जत्रा आहे.

मावशी माजघराच्या दारात उभी आहे. तिची नजर त्या पत्रावळीवर. सगळ्यात वर दीड भाकरी तशीच, पापुद्रा न मोडलेला. अक्षय पत्रावळ दुमडतो आणि मांडवामागच्या पिंपात टाकतो. पिंप दुपारीच भरलंय, आणि गावची कुत्री आज मटणाकडंसुद्धा ढुंकून बघत नाहीत.

कंटाळा कष्टांचा असता तर मला तो लवकर समजला असता. पण लग्नाचा स्वयंपाक करतानाही मावशीची मनगटं दुखतात, तेव्हा ती कुरकुरत नाही. इथं टोचतं ते हे: पहाटे साडेचारला थापलेली भाकरी भुकेलं नसलेल्या माणसाला आग्रह करकरून वाढायची आणि त्यानं ती भिडेखातर चिवडायची. खाणारा नाखूश, वाढणारा नाखूश, रांधणारी तर विचारूच नका. तरी ताट टाळायची सोय नाही. टाळलं तर पुढच्या चैत्रापर्यंत ते लक्षात राहतं.

हे असं नेहमीच नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात आत्याबाई बसल्यात, म्हणजे मावशीच्या सासूबाई. पाहुण्यांतल्या बायका येऊन पाया पडतात, त्या हातानं चाचपून ओळखतात. त्यांना जत्रा हवीच आहे, कारण तिन्ही लेकी येतात. दिवाळीला आताशा येईनात, पण जत्रेला येतात. (आलेल्या तिघी सकाळपासून परड्यात कांदे चिरतायत, ती गोष्ट वेगळी.) बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाईंनी खडी फोडलीय.

"तवा मटण जत्रलाच," त्या सांगतात. "वरीसभर मिलू खाल्ली. पाव्हणा पाच कोस चालत यायचा. ताट चाटूनपुसून उठायचा. उरायचं न्हाई ग काही, आमाला रस्सा पुरवायला लागायचा."

मिलू म्हणजे मिलो, त्या काळात रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी. तेव्हाच्या पाहुणचाराला अर्थ होता. ज्याच्या गावची जत्रा त्यानं शेजारच्या चार गावांना एक दिवस पोटभर घालायचं, आणि त्यांच्या जत्रेला आपण जायचं. वर्षभरात प्रत्येकाच्या पोटात चार-सहा वेळा मटण पडायचं. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी पलीकडच्या शिवारांत खेळतंय, द्राक्षं आहेत, ऊस आहे, विट्यात दर रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग आहे. मघाचे तासगावकर गेल्या रविवारीही मटण जेवले असणार. भूक गेली आणि रीत तेवढी राहिली, शिवाय गाड्या आल्यामुळं सहा घरं एका दुपारीत उरकता येऊ लागली.

तीनच्या पुढं चुलीवरची मंडळी जरा मोकळी होतात. कुणीतरी चहा ठेवतं. भोंग्यावर आता कुस्त्यांचा पुकारा, नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात. मैदानाकडून हलगीचा आवाज येतोय. घरातली एकही बाई तिकडं जाणार नाही. रात्रीची पंगत आहे. पूर्वी तमाशाचा फड यायचा, यंदा ऑर्केस्ट्रा आहे, तोही यांनी घरूनच ऐकायचा.

"खरं सांगू का," धाकटी काकू चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणते आणि आधी मागं वळून बघते. "कोरोनाची दोन वरसं लई बरी गेली."

क्षणभर कुणी बोलत नाही. मग तिघीचौघी एकदम हसतात, तोंडाला पदर लावून. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देश त्याच दिवशी बंद झाला. त्या चैत्रात या पट्ट्यातली एकही जत्रा भरली नाही. पुजाऱ्यानं आणि चार मानकऱ्यांनी नैवेद्य दाखवला, झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध. वाईट दिवस होते, याच गल्लीतली दोन माणसं गेली. म्हणूनच हे बोलायचं धाडस होत नाही.

"त्या साली मी पयल्यांदा देवळात निवांत बसले," मावशी म्हणते. "दुपारच्या टायमाला. गाभाऱ्यात कोण न्हाई. अर्धा तास बसले आसंन."

मग ती उठून काठवट पुढं ओढते.

रात्री साडेदहाला बायकांची पंगत बसते. मावशी मटणाला हात लावत नाही. दिवसभराच्या वासानं तिला मळमळतंय. माळकऱ्यांची उरलेली आमटी नि भात घेते. पाटीत तीसेक भाकऱ्या शिल्लक आहेत. उद्या त्या उन्हात वाळवायच्या, जनावरांना घालायच्या.

ओसरीवर काका कागद घेऊन बसलेत. पट्टी, बोकड, मसाला, सिलेंडर, पाण्याचे जार, मांडव, लेकींच्या साड्या. बेरीज दोनदा करतात. अक्षय भिंतीला टेकून पाय चोळतोय.

"दादा, पुढच्या साली गोडाचंच ठेवू," तो म्हणतो. "पुरणपोळी. ज्याला यायचंय त्यो येईल. भाकऱ्या लागल्याच तर बचत गटाला ऑर्डर द्यायची, मायणीत मिळत्यात."

"आन् लोकं काय म्हंतील? ह्यांच्यात आम्हाला बोलावलं आन् पोळी घातली?"

"म्हणू देत की एक साल."

काका कागदाकडं बघत राहतात. नाही म्हणत नाहीत. इकडं आत पंगतीत हात थांबलेत, सगळ्यांचे कान ओसरीवर. "म्या सरपंचांच्या कानावर घालतो," काका शेवटी म्हणतात. "आमी एकट्यानं बंद केलं तर वाईट दिसंल. चार घरांनी मिळून केलं तर..."

एवढ्यात त्यांचा फोन वाजतो. तासगावकडचे दुपारचे पाहुणे, घरी सुखरूप पोचलेत. मटण झकास होतं. आणि बुधवारी त्यांच्या गावची जत्रा आहे, यायचं म्हणजे यायचंच.

"बुधवारी व्हय?" काका उजळलेल्या आवाजात म्हणतात. "येतो की! न येऊन कसं चालंल? पाच-सहा जणं धरा आमची."