‘ढ’ ठरलेली ताई तुमच्या नमुन्यात येईल का?

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमधल्या सामाजिक सेवांवर प्रस्ताव लिहायला घेतलात, की ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द आपोआप लाभार्थ्यांच्या रकान्यात जाऊन बसतो. पण त्या मुलांसाठी राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेला किंवा स्पेशल एज्युकेटरलाच डिस्लेक्सिया असेल, एडीएचडी असेल तर? हा विषय घेणार असाल, तर नमुना निवडण्याआधी कायदा वाचा. त्यातल्या गाळण्या नकळत तुमच्याही होतात.

पहिली गाळणी यादीची. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया वगैरे) आहे. एडीएचडीचं नाव नाही. त्यात सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. आज पन्नाशीत असलेल्या ताई शाळेत होत्या तेव्हा ‘ढ’ हेच निदान मिळायचं, त्या प्रमाणपत्र कुठून आणणार? तरी एक लक्षात ठेवा. २०२१मध्ये विकाश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतल्या लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट मानली नाही. आरक्षण वेगळं आणि कामातली ‘वाजवी सोय’ वेगळी. प्रस्तावात या दोन्हींची गल्लत फार होते, टाळाच.

दुसरी गाळणी नोकरीची. वाजवी सोय देण्याचं बंधन कलम २० सरकारी आस्थापनांवर घालतं. त्या व्याख्येत अनुदानित संस्थाही बसतात, म्हणजे मुलुंडची अनुदानित विशेष शाळा आत आणि बोरिवलीचा विनाअनुदानित ट्रस्ट बाहेर. (समान संधी धोरण मात्र ट्रस्टनेही करायचं असतं.) आणि अंगणवाडी सेविका? त्यांना पगार नाही, मानधन. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद नागरी सेवेतलं नाही असं ठरवलं. २०२२मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटी लागू केली. वाजवी सोयींचा प्रश्न या दोन्ही निकालांत नव्हता. मला विचाराल तर प्रबंधाचा खरा विषय इथेच आहे.

म्हणून मुलाखतीत ‘तुम्हाला काही निदान झालंय का?’ असं विचारू नका. कामाबद्दल विचारा. पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरताना कुठे अडतं? कुणाची मदत घेता, घरच्या मुलीची? तोंडी सांगितलेली पाच कामं लक्षात राहतात, की कुणी लिहून दिलं तर बरं पडतं? गोंगाटाच्या बैठकीनंतर गृहभेटीला जाववतं का? लेखी सूचना, ठरलेली वेळ, नोंदींसाठी शांत तासभर या सोयींना फारसा खर्च नाही, पण पर्यवेक्षिकेला त्या ‘लाड’ वाटू शकतात. तेही टिपा.

सिद्धान्ताची चौकट हवी असेल तर डेमियन मिल्टन यांची २०१२ची ‘दुहेरी सहानुभूती’ची मांडणी वाचा. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली गैरसमजूत दोन्ही बाजूंनी असते, असं ते म्हणतात. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये कानगोष्टीसारखा प्रयोग केला. माहिती सर्वांत जास्त गळली ती मिश्र साखळीत. फक्त ऑटिस्टिक लोकांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली चालली. म्हणजे नुसती सेविकेची मुलाखत पुरणार नाही, पर्यवेक्षिकेचीही हवी.

मात्र पर्यवेक्षिकेमार्फत सेविका निवडू नका. आणि प्रबंधात वस्तीचं नाव, केंद्राचा क्रमांक, नोकरीची वर्षं एकत्र लिहू नका. एका वस्तीत केंद्रं असतात मोजकी. तेवढ्यावरून ताई कोण ते कार्यालयात लगेच कळतं, आणि मानधन तिथूनच निघतं.