बाबा सीमेच्या पलीकडे, लेक अलीकडे

समजा, तुम्ही पस्तिशीत आहात. ज्या विचारासाठी तुम्ही पाच वर्षं तुरुंगात काढलीत, त्याच विचाराचं नाव घेत शेजारचा बलाढ्य देश तुमच्या शहरांवर बॉम्ब टाकतोय. त्या देशाने तुमच्यासाठी एक आयतं ‘सरकार’ही बनवलंय. त्याचे प्रमुख आहेत चक्क तुमचे बाबा आणि गृहमंत्री आहे तुमचा पूर्वीचा नवरा! काय कराल?

हा कुठल्या वेब सीरिजचा प्लॉट नाही. १९३९च्या डिसेंबरमध्ये फिनलंडच्या हेर्टा कूसिनेनच्या आयुष्यात हे खरंच घडलं.

हेर्टाचा जन्म १९०४चा, लुहांका गावातला. वडील ओट्टो विले कूसिनेन हे डाव्या चळवळीतलं मोठं नाव. १९१८च्या यादवी युद्धात डाव्यांचा पराभव झाला, तसे ते रशियात पळाले. हेर्टा तेव्हा १४ वर्षांची होती. १९२२ मध्ये तीही मॉस्कोला गेली. तिथे तिने आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीचं काम केलं, लग्न केलं, तिला मुलगा झाला. १९३४ मध्ये मात्र भूमिगत कामासाठी ती फिनलंडला परतली. कम्युनिस्ट पक्षावर तिथे बंदी होती. त्याच वर्षी तिला अटक झाली आणि सुटका झाली थेट १९३९ मध्ये.

दरम्यान मॉस्कोत काय चाललं होतं? स्टालिनच्या धरपकडीत तिचा भाऊ एसा पकडला गेला. ओट्टोंची दुसरी बायको आयनो हिचीही रवानगी छळछावणीत झाली. ओट्टो स्वतः मात्र सत्तेच्या वर्तुळात टिकून राहिले.

३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. ओट्टोंचं सरकार सीमेजवळच्या तेरिओकी गावात स्थापन झालं. फिनिश कामगार हे सरकार डोक्यावर घेतील, असा स्टालिनचा हिशेब होता. तो साफ चुकला. कामगारच बंदूक घेऊन लढायला उभे राहिले. १०५ दिवसांनी तह झाला आणि बाबांचं सरकार गुंडाळलं गेलं. हेर्टा १९४१ मध्ये पुन्हा तुरुंगात गेली, ती १९४४ मध्ये बाहेर आली.

एवढं सोसून कुणीही राजकारणाला रामराम ठोकला असता. पण पक्षावरची बंदी उठली आणि १९४५ मध्ये हेर्टा संसदेत पोहोचली. २०० जागांपैकी ४९ जागा तिच्या डाव्या आघाडीने जिंकल्या. तिचा दुसरा नवरा युर्यो लेइनो गृहमंत्री झाला. सभा गाजवणारी, विरोधकांना घाम फोडणारी वक्ता म्हणून तिचं नाव झालं.

मग आलं १९४८. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली आणि हेर्टाने जाहीर केलं, चेकोस्लोव्हाकियाचा रस्ता हाच आमचा रस्ता! हे वाक्य तिला आयुष्यभर चिकटलं. मे महिन्यात संसदेच्या अविश्वासामुळे लेइनोचं मंत्रिपद गेलं. तडजोड म्हणून हेर्टा बिनखात्याची मंत्री झाली, तीही जेमतेम दोन महिने. जुलैच्या निवडणुकीत आघाडी ३८ जागांवर घसरली. लोकांना तो रस्ता नको होता. गंमत बघा, बरोबर २० वर्षांनी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा फिनलंडच्या कम्युनिस्ट पक्षानेच त्याला नापसंती दर्शवली.

हेर्टा १९७२ पर्यंत खासदार होती. १९६९ मध्ये ती विमेन्स इंटरनॅशनल डेमोक्रॅटिक फेडरेशनची अध्यक्ष झाली. आपल्याकडची भारतीय महिला फेडरेशन याच संघटनेशी जोडलेली आहे. १९७४ मध्ये तिचा मृत्यू मॉस्कोत झाला, पण दफन झालं हेलसिंकीत.

आता तिला काय म्हणायचं? हिरो की देशद्रोही? सोशल मीडियावर अशा प्रश्नाचा निकाल दोन मिनिटांत लागतो. पण हेर्टा एका खणात बसत नाही. विचारासाठी तुरुंगात जायची हिंमत तिच्यात होती, हे खरं. तोच विचार आपल्याच भावाला गिळत असतानाही तिने झेंडा खाली ठेवला नाही, हेही तितकंच खरं. कॅम्पसवर आपणही कुठला ना कुठला झेंडा उचलतोच. तो जरूर उचला. फक्त त्याच झेंड्याखाली कुणावर अन्याय होत असेल, तर ते बघायची आणि बोलायची तयारी आहे का, हे स्वतःला अधूनमधून विचारत राहा. तुरुंगात जाण्याइतकंच तेही अवघड असतं.