गालावरचा फिकट डाग आणि केसाच्या मुळाशी दडलेला रंग

मुलाच्या गालावर फिकट चट्टा दिसला की आजी म्हणते, ‘पोटात जंत झालेत.’ शेजारीण कॅल्शियमच्या गोळ्या सुचवते. आईबाबांना कोडाची धास्ती. बहुतेकदा तिन्ही अंदाज चुकतात.

त्वचेचा रंग बनवतात मेलॅनोसाइट नावाच्या पेशी. गर्भात त्यांचा उगम मज्जासंस्थेच्या पेशींशेजारी होतो आणि तिथून सरकत सरकत त्या अंगभर पोचतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते! फरक पडतो तो मेलॅनिनचे कण किती, केवढे आणि कसे पसरलेत यावर. एकेक मेलॅनोसाइट आपल्या फांद्यांमधून सुमारे ३६ पेशींना हे कण पुरवते, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात. उन्हानं डीएनए बिघडू नये म्हणून.

शाळकरी मुलांच्या गालावरचा, पुसट कडांचा, किंचित खरखरीत चट्टा बहुधा ‘पिटिरिआसिस अल्बा’ असतो. हा इसबाचाच सौम्य भाऊबंद. इथे पेशी मेलेल्या नसतात, त्यांचं काम मंदावलेलं असतं. आजूबाजूची त्वचा रापली की तो जास्त उठून दिसतो. मॉइश्चरायझर, उन्हापासून जपणूक आणि काही महिन्यांचा धीर एवढं सहसा पुरतं.

शिबं येतं ते मॅलसेझिया या यीस्टमुळे. एरवी ती सर्वांच्याच त्वचेवर गुपचूप राहते. दमट हवेत, घामात माजते. औषधानं ती लवकर मरते, पण रंग परतायला महिने लागतात. तेवढ्यात ‘गुण आला नाही’ म्हणून लोक डॉक्टर बदलतात.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, ठळक कडांचा. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेलॅनोसाइट मारते. शिवल्यानं तो पसरत नाही. आणि खरी नवलाई पुढेच आहे: केसांच्या मुळाशी रंगाच्या मूळपेशी अनेकदा शाबूत राहतात. ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण किंवा टॅक्रोलिमससारखं मलम मिळालं की त्या जाग्या होतात, वर चढतात आणि पांढऱ्या डागात केसाभोवती तपकिरी ठिपके उगवू लागतात. लव असलेल्या चेहऱ्यावर म्हणूनच उपचार चांगले लागू पडतात. लव नसलेल्या बोटांच्या टोकांवर डाग हट्ट धरून बसतो. २०२२ साली अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिबच्या मलमालाही मान्यता मिळाली.

फिकट चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला स्पर्श कळत असला तरी तेवढ्यावरून निर्धास्त राहू नका. दुकानातून मनानं स्टेरॉइडचं मलम आणून चोळू नका. त्यानं त्वचा पातळ होते आणि नवे फिकट डागही पडतात. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान, मगच मलम.